उणे एक म्हणजे शनिवार

सात नोव्हेंबर, बुधवार. काम एवढंच आहे: तुझ्या प्रोग्राममधली एक ओळ पुसायची आणि दिवाळीच्या आठवड्याचा बसचार्ट छापायचा. तो उद्या सकाळी मानेसरला पोचायला हवा. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. दुपारचं जेवण उरकून मी तुझ्या खुर्चीत बसले, आता उन्हं उतरली, आणि ती ओळ पडद्यावर होती तिथेच आहे. मध्ये एकदा लाइट गेली, इन्व्हर्टरने नेहमीसारखी शिट्टी वाजवली, लाइट परत आली. ओळ तशीच. म्हणून हे लिहायला घेतलं. हाताने लिहिते आहे, कारण तुझ्या कीबोर्डवर मराठी टाइप करायला गेले की माझी अर्धी वाक्यं काना-मात्रा शोधण्यात जातात.

अनघा, तुझ्याबद्दल लोक फार गोड बोलले. मला ते सोसलं नाही. मंडळातल्या बायका आल्या होत्या. एक म्हणाली, "बिचारी घरी बसून कॉम्प्युटरवर काहीतरी करायची." मी म्हटलं, "काहीतरी नाही. मानेसरच्या कारखान्यातली माणसं कोणत्या रात्री कोणत्या बसमध्ये बसणार, ते तिच्या प्रोग्राममधून निघायचं." तिने कप खाली ठेवला. दुसरी म्हणाली, "दोघी जावा असून किती पटायचं तुमचं." तिला नाही, पण तुला सांगते. आपलं पटायचं नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावर पटलं नाही, आणि तारखांवर तर कधीच पटलं नाही. मतं जुळणाऱ्या जावा मी पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे संक्रांतीनंतर बोलायला विषय उरत नाही. आपल्याला सात वर्षं पुरला, आणि अजून अर्धा शिल्लक आहे.

तुझ्या आजाराबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. दोन खोल्या, त्यात तू आणि श्री आमच्याकडे राहिलात, त्याने गुडगावला हा फ्लॅट घेईपर्यंत. गणितात बी.एस्सी. झालेली धाकटी जाऊ म्हणजे मला वाटलं होतं, निदान दूधवाल्याचा हिशेब बघेल. तू कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलंस. बस बदलून जायचीस आणि रात्री जेवताना माझ्यासमोर वही उघडायचीस, कारण श्री पानावरच पेंगायचा आणि माझे यजमान फायलीत असायचे. मी ऐकायचे. ऐकता ऐकता भांडायला लागले.

आपलं पहिलं भांडण मला आठवतं. तू सांगत होतीस की यंत्राला "आज काय" असं विचारलं, की ते नुसते आकडे देतं. वाराचा आकडा, तारखेचा, महिन्याचा, वर्षाचा. त्या आकड्यांवरून माणसाला वाचता येईल असं आपण छापायचं. इथपर्यंत ठीक. मग म्हणालीस, "रविवार म्हणजे शून्य. जानेवारी पण शून्य."

"आणि एक तारीख?" मी विचारलं.

"ती एकच."

"जानेवारी शून्य, रविवार शून्य, आणि तारीख तेवढी एकपासून? हे कोणत्या शहाण्याने ठरवलं?"

तू हसली नाहीस. तुला खरंच उत्तर द्यायचं होतं. पोळी हातात धरून विचार केलास आणि म्हणालीस, "वहिनी, वाराला आणि महिन्याला नाव असतं ना. त्या नावांची आपण यादी करून ठेवतो, आणि यंत्र याद्या शून्यापासून मोजतं. तारखेला नाव कुठे असतं? ती आहे तशी छापायची."

मी तेव्हा म्हटलं, "पोळी गार होतेय." पण उत्तर चांगलं होतं.

तुम्ही इकडे राहायला आलात तेव्हा समोर सरसोंची शेतं होती आणि मागे काचेच्या इमारती चढत होत्या. श्रीची नोकरी मानेसरच्या कारखान्यात. तिथे कंपनीच्या बसचा आठवड्याचा चार्ट एक क्लार्क हाताने करायचा. कोण कोणत्या पाळीला, कोणत्या स्टॉपवर, किती वाजता. दर आठवड्याला पाळ्या बदलायच्या आणि दर आठवड्याला घोळ व्हायचा. श्री घरी येऊन बोलला आणि तू म्हणालीस, "एवढंच ना?" एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून तू पर्ल ही भाषा कॉम्प्युटरवर चढवली होतीस. छोट्या छोट्या प्रोग्रामची ती भाषा. तू तिला घरकामाची भाषा म्हणायचीस, झाडू-पोछ्यासाठी चांगली. त्यात तू चार्ट लिहिलास. मी ट्रान्सपोर्टच्या साहेबांशी बोलणं, नावं टाइप करणं, छापल्यावर तपासणं, हे घेतलं. आठवड्यातून दोनदा आर. के. पुरमहून बसने इकडे यायचे, डबा घेऊन. नातेवाईक म्हणायचे, मोठ्या जावेने धाकटीकडे नोकरी धरली. म्हणू देत.

वारांच्या यादीवरूनही आपलं वाजलं होतं. यंत्र वारांची नावं आपणहून इंग्रजीत द्यायला तयार होतं. ती तुला नको होती. मी म्हटलं, हिंदी हवी तर शुद्ध दे, रविवार, गुरुवार. तू एक दिवस श्रीबरोबर कंपनीच्या बसने मानेसरपर्यंत गेलीस, परत आलीस आणि यादीत इतवार आणि वीरवार घातलेस. "बसमध्ये कोणी गुरुवार म्हणत नाही, वहिनी. एकानेही नाही." मी म्हटलं, "बसमध्ये शिव्या पण देतात, त्या छापणार आहेस?" तू म्हणालीस, "चार्टात बसल्या तर छापेन." त्या काळच्या हिंदी फॉन्टमुळे ती नावं प्रोग्राममध्ये इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसायची, कागदावर मात्र नीट वीरवार उमटायचा. अजून तसंच आहे. परवा श्रीने फाइल उघडली, ती गिचमीड पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, ही करप्ट झालीय बहुतेक." मी त्याला खुर्चीतून उठवलं.

आता ती ओळ.

तिची सुरुवात तुझ्या बाबांपासून होते. ते तुला भेटायला आले होते तेव्हाची गोष्ट. परतीचं तिकीट बुधवारचं, रात्री बाराच्या पुढची गाडी. बाबांनी बुधवारचा पूर्ण दिवस मजेत घालवला. सरोजिनी नगरला जाऊन घरातल्या सगळ्यांसाठी स्वेटर घेतले, रात्री पोटभर जेवले, आणि स्टेशनवर जाऊन उभे राहिले. टी.सी.ने तिकीट पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, आपकी गाड़ी तो कल रात निकल गई." आयुष्यभर शाळेत अंकगणित शिकवलेला माणूस. पहाटे तुमच्या दारात परत आले तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, असं तू मला फोनवर सांगितलंस. मी म्हटलं, "तिकीट नीट वाचायचं ना. बारा वाजून गेले की बुधवार लागला, म्हणजे मंगळवारी रात्री निघायचं." तू म्हणालीस, "तिकीट बरोबर आणि बाबा चूक, हे म्हणणं फार सोपं आहे, वहिनी. अशी चूक किती लोक करत असतील. सगळे एकसारखी चूक करतात तेव्हा चूक कुणाची?"

आणि मग चार्टाच्या पहिल्याच आठवड्यात तेच झालं. रात्रपाळीची बस गुडगावहून साडेबाराला सुटते. तुझ्या चार्टाने यंत्राला विचारून इमानदारीत छापलं, सोमवार, साडेबारा. रविवारच्या रात्री बस जवळजवळ रिकामी गेली. सोमवारच्या रात्री तीच माणसं डबे घेऊन स्टॉपवर हजर, आणि त्यांची हजेरी आदल्या रात्रीची बुडालेली. श्री घरी आला तो चिडूनच. तू जेवणाचं ताट बाजूला सारलंस. दुसऱ्या दिवशी मी आले तर पडद्यावर ही ओळ होती.

ओळ साधी आहे. वेळ पहाटे पाचच्या आत असेल, तर वाराच्या आकड्यातून एक वजा कर. म्हणजे 'सोमवार, साडेबारा'च्या जागी छापलं जाईल, इतवार रात, साडेबारा. तारीख मात्र घड्याळाची तशीच राहील, कारण हजेरीचं मशीन घड्याळावर चालतं.

मी चष्मा पुसला. "म्हणजे बारा तारखेला कॅलेंडरमध्ये सोमवार आणि तुझ्या चार्टात रविवार?"

"रात्रीपुरता."

"दोन्हीपैकी एक खोटं आहे."

"एकही नाही. तारीख सरकारची, वार माणसांचा."

"आणि कॅलेंडरात रविवार लागलेला असेल त्या साडेबाराला काय करशील? रविवार तुझा शून्य. शून्यातून एक गेला की काय उरतं? उणे एक. उणे एक नावाचा वार आहे का तुझ्या यादीत?"

मला वाटलं, इथे तू अडकशील. तू खुर्ची माझ्याकडे फिरवलीस आणि असं हसलीस की आजही मला त्याचा राग येतो. "पर्लमध्ये यादीतला उणे एक म्हणजे शेवटचा. शेवटचा कोण? शनिवार. रविवारच्या आधी कोण असतो, वहिनी?"

मी म्हटलं, "हा योगायोग आहे."

"आहे," तू म्हणालीस. "पण फुकटचा आहे, घ्यायला काय जातं?"

तो वाद तिथे संपला नाही, तुला माहीत आहे. माझं म्हणणं होतं, तारीख आणि वार एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. छापलेल्या कागदावर माणसाचा विश्वास असतो. तो एकदा तिरका छापला की उद्या कशावर विश्वास ठेवायचा? खाली टीप द्या, रात्री बारानंतर दुसरा दिवस धरावा. तू म्हणायचीस, टीप कोण वाचतं, वार वाचतात. मी विचारायचे, मग पाचच का? सूर्य तर थंडीत साडेसहाला उगवतो. तू म्हणायचीस, सूर्याचा काय संबंध. सकाळच्या पाळीची पहिली बस पाचनंतर सुटते. त्या बसला येणारा झोपून उठलेला असतो. साडेबाराच्या बसला येणारा झोपलेला नसतो. "माणूस झोपून उठत नाही तोवर त्याचा वार बदलत नाही. बाबा झोपले नव्हते, म्हणून त्यांचा बुधवार चालूच होता." आणि वाद तापला की तू 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचीस. "तू कधी रात्रपाळी केलीयेस का, वहिनी?" एवढं बोलून जीभ चावायचीस आणि चहा टाकायला उठायचीस. मला ते 'तू' आवडायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू जपून वापरलं असतंस.

चार्ट चालला. रिकामी बस पुन्हा गेली नाही. आधीच्या ट्रान्सपोर्टच्या साहेबांनी पहिल्यांदा पाहून विचारलं होतं, "यह बारह तारीख को इतवार कैसे?" तू त्यांना उलट विचारलंस, "सर, आप रात साढ़े बारह बजे किसी को फोन करें तो क्या बोलेंगे, कल मिलते हैं या आज मिलते हैं?" ते म्हणाले, "कल. अच्छा. ठीक है." आणि विषय संपला. मग दुसरा कारखाना आला, तिसरा आला. सन दोन हजार लागलं त्या आठवड्यात एका ठिकाणच्या कँटीनच्या कुपनांवर दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रामने वर्ष छापलं एकोणीसच्या पुढे शंभर, सलग: १९१००. यंत्र वर्षाचा आकडा एकोणीसशे वजा करून देतं, आणि त्या बहाद्दराने त्याआधी नुसता एकोणीस चिकटवला होता. श्रीने ते कुपन आणून दिलं. तू इतकी हसलीस की उचकी लागली. तुझ्या प्रोग्राममध्ये पहिल्या दिवसापासून वर्षात एकोणीसशे मिळवलेले होते. मी कुपन फ्रिजवर चिकटवलं. ते अजून आहे, लोकांना वाटतं मी विसरले काढायला.

तुझं कौतुक करायला मी बसलेले नाही. तुझ्यात दोष होते. प्रोग्राममध्ये कुठे काय केलंय त्याची एक ओळ टीप तू कधी लिहिली नाहीस. मी म्हणायचे, तुझ्यानंतर हे कोण वाचणार? तू म्हणायचीस, तुम्ही. मी म्हणायचे, मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, हिशेब उलटा लागतो. यावर आपण दोघी हसलो होतो. आता त्यात हसण्यासारखं काही नाही, पण हिशेब तू चुकवलास हे मी नोंदवून ठेवते.

आता गेल्या महिन्याचं सांगते, जे तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू हॉस्पिटलमध्ये होतीस तेव्हा कारखान्यात ट्रान्सपोर्टला नवे साहेब आले, दहिया. माणूस वाईट नाही. तुझं कळल्यावर फोन केला, नीट बोलला, छोटी मैडम म्हणाला. आणि मग त्याच दमात, "मैडम, वह चार्ट में एक बग है, रात वाला. डेट और दिन मैच नहीं करते. ऊपर से ऑब्जेक्शन आया है. दिवाली वाले चार्ट में ठीक करवा दीजिए, नहीं तो नोएडा की एक कंपनी है, उनका सॉफ्टवेयर आ रहा है, उनको दे देंगे."

मी म्हटलं, देखती हूँ.

श्रीला सांगितलं. तो तुझ्या कपाटासमोर उभा होता, एक पिशवी हातात घेऊन. काय भरायचं ते त्याला कळत नव्हतं. म्हणाला, "करून टाका, वहिनी. एक ओळ तर आहे. आणि तुमचं पण हेच म्हणणं होतं ना कायम?"

माझं हेच म्हणणं होतं. म्हणून तर दुपारी मी पुसायलाच बसले होते. मी रडत बसणारी बाई नाही, आणि मेलेल्या माणसाची वस्तू म्हणून कुठलीही गोष्ट जपून ठेवावी असं मला वाटत नाही. तुझ्या साड्या मी परवाच वाटून टाकल्या. ज्या बायकांना त्या शोभतील त्यांनाच दिल्या, मागणाऱ्यांना दिल्या नाहीत. तशीच ही ओळ. चूक असेल तर जावी.

पण बोट बटणावर ठेवलं आणि मला हॉस्पिटलचा तो काउंटर आठवला. तू गेलीस तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. श्रीला बसवून मी खाली गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कधी. घड्याळ तिच्या डोक्यावरच होतं. तिने मंगळवारची तारीख घातली, मी सही केली, ते बरोबरच होतं. मग मी बाहेर येऊन पुण्याला तुझ्या बाबांना फोन लावला. ते जागेच होते. त्यांनी काही विचारायच्या आत मी म्हटलं, "बाबा, अनघा सोमवारी रात्री गेली." सोमवारी रात्री. आदल्याच मिनिटाला मंगळवारवर सही करून आले होते, आणि तोंडातून सोमवार गेला. मी झोपले नव्हते ना. माझा सोमवार चालूच होता.

बाबा एवढंच म्हणाले, "सोमवार. बरं." ते पहिल्या गाडीने निघाले आणि वेळेत पोचले. पुढे विधींसाठी गुरुजींनी वार विचारला, आणि सूर्योदयाच्या आधी म्हणजे सोमवारच, असं म्हणून तेही मोकळे झाले. तू असतीस तर म्हणाली असतीस, सूर्याचा काय संबंध. तुझी आणि गुरुजींची कारणं वेगळी आणि उत्तर एक, हे तुला आवडलं नसतं. तुला बरोबर कारणाने बरोबर यायचं असायचं.

पण हे वाचून तू जिंकलीस असं समजू नकोस. माझं मत अजून तेच आहे. तारीख आणि वार एका कागदावर जुळले पाहिजेत. दमलेली बाई फोनवर काय बोलते त्याच्यावरून चार्ट छापत नाहीत. याला तुझ्याकडे उत्तर असणार, मला माहीत आहे, आणि ते द्यायला तू नाहीस म्हणून मी तुझ्या वतीने ते मान्य करणार नाही. तेवढी सूट मी तुला जिवंतपणी दिली नाही, आता का देऊ?

मात्र एक गोष्ट मला इथे बसून लख्ख दिसली. ही ओळ चूक आहे असं म्हणायचा हक्क मला आहे. मी त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले आहे, डबा घेऊन बसने येऊन भांडले आहे, रिकाम्या बसची कथा माहीत असून भांडले आहे. दहियाने एक फोन केला. वरून ऑब्जेक्शन घेणाऱ्याने कॅलेंडर पाहिलं. नोएडाच्या कंपनीला ती बस कधी सुटते तेही माहीत नसेल. ज्यांनी वादात भाग घेतला नाही, त्यांना निकाल द्यायचा अधिकार नाही. हा वाद माझा आणि तुझा आहे. तो अर्धा राहिला आहे, आणि तो तसाच अर्धा राहील.

काम गेलं तर जाऊ दे. मला वाईट वाटेल, पण मला वाईट वाटल्याने आजवर काही बिघडलेलं नाही.

मी ओळ ठेवली. वर एक टीप घातली, तू कधी घातली नाहीस ती. पर्लमध्ये टिपेच्या आधी ते चौकटीसारखं चिन्ह दिलं की यंत्र ती ओळ वाचत नाही, पुढे जातं. ती फक्त माणसासाठी असते. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: रात्रीचा वार आदल्या दिवसाचा. अनघाने ठरवलं. मला पटलेलं नाही. पुसू नये. खाली माझं नाव. मग चार्ट छापायला लावला. तुझा प्रिंटर अजून तसाच कोकलतो. पानं येत गेली तशी मी तपासत गेले. शनिवार रात, साडेबारा, अकरा तारीख. उणे एक चोख चालतो आहे.

श्री दारात येऊन उभा राहिला. "पुसली?"

"नाही."

"दहिया ऐकणार नाही."

"त्याला ऐकवायला मी उद्या जातेच आहे. तू जेवून घे. आणि ती पिशवी ठेव खाली, त्या कपाटाचं मी बघते."

त्याने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "ती पण असंच करायची. पिशवी ठेव म्हणायची." आणि गेला. मी त्याला हाक मारली नाही. प्रत्येकाला आपापलं रडायला खोली लागते, आणि तुमचा फ्लॅट तेवढा मोठा आहे.

हे पुढचं परत आल्यावर लिहिते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधारात उठले, चहा केला, आणि चार्टांचा गठ्ठा आणि डिंकाची बाटली घेऊन स्टॉपवर गेले. थंडी पडायला लागली आहे. सकाळच्या पाळीची पहिली बस आली. ड्रायव्हर मला ओळखतो. मी त्याला बसमध्ये लावायचे चार्ट दिले आणि स्टॉपच्या पत्र्यावर एक स्वतः चिकटवला, तुझ्यासारखा चारही कोपरे दाबून. माणसं मफलर सावरत पुढे आली, आपापलं नाव शोधलं, वार पाहिला, बसमध्ये चढली. कोणी काही विचारलं नाही. मी त्याच बसने मानेसरला गेले, गेटवरच्या फळीवर एक चार्ट लावला, आणि मग दहियाच्या ऑफिसात जाऊन बसले.

तो आला, नमस्ते झालं, चहा सांगितला गेला. "तो मैडम, वह लाइन हटा दी?"

"नहीं जी. और चार्ट लग चुका है. बसों में भी, गेट पर भी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मैंने तो बोला था. छोटी मैडम होतीं तो कर देतीं."

"वह तो बिल्कुल नहीं करतीं. मैं शायद कर देती."

"और मैं उतरवा दूँ तो?"

"उतरवा दीजिए. फिर इतवार रात की बस में कौन बैठेगा, वह आप देख लीजिएगा."

बाहेर भोंगा झाला. दहियाने टेबलावरचा चार्ट उचलला, बराच वेळ वाचला, बोटाने खाली खाली जात. नाही म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही. मग एका जागी बोट थांबलं. "और यह वीरवार क्या लिखा है? ऑफिशियल में तो गुरुवार होता है."

अनघा, तिथे मी हसले असते, पण चहा तोंडात होता.

"वह भी रहेगा," मी म्हटलं, कप खाली ठेवला आणि परतीच्या बससाठी उठले.